एक मीटर माती

झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे 1.37 मीटर उंचीवर मोजतात. बुंधा कललेला असला तर टेप त्या कलाला काटकोनात धरायची. फांद्या खालीच फुटल्या असल्या तर फाट्याच्या खाली मोजायचं. बीडमध्ये बार्शी नाक्याकडच्या एका गल्लीत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर कॉलेजच्या मुलांना हे दाखवत होते आणि मी टेपचं एक टोक धरून उभी होते. समोर कडुनिंब. घेर भरला 2 मीटर 30 सेंटीमीटर.

"वय किती लिहू, सर?" वही धरलेल्या मुलीने विचारलं. सरांनी समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं.

"थोरल्याचा पाळणा ह्याच फांदीला होता की. तो आता साठीला आला."

पाळण्याचा भार झेलणारी फांदी म्हणजे झाड तेव्हाच पंधरा-वीस वर्षांचं असणार. सरांनी सत्तरीच्या पुढे अशी नोंद करायला लावली. हा आकडा मोलाचा आहे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. कागदावर वय नसलेल्या जुन्या झाडाची बाजू मांडायची कशी?

अशी नोंद शहरांच्या एका जागतिक मान्यतेलाही लागते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि अमेरिकेतलं आर्बर डे फाउंडेशन मिळून 'ट्री सिटीज ऑफ द वर्ल्ड' ही मान्यता देतात. भारतात ती आधी हैदराबादला मिळाली, पुढे मुंबईला. अटी पाच: झाडांची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं हवं, नियम हवेत, आपल्याकडे कोणती झाडं आहेत याची नोंद हवी, दरवर्षीचा खर्च हवा आणि झाडांचा उत्सव हवा. इतकी लाख रोपं लावा, अशी अट त्यांत नाही.

उत्सवाच्या बाबतीत बीड कुणाला ऐकणार नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये शहराजवळच्या पालवणच्या सह्याद्री देवराईत अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने वृक्ष संमेलन भरलं आणि अध्यक्षपद दिलं ते वडाला. पालवणच्या उघड्या डोंगरावर झाडं उभी राहिली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण नोंदीची अट गल्लीगल्लीत फिरूनच पुरी होते.

कडुनिंबाच्या बुंध्याला सिमेंट अगदी सालीपर्यंत भिडलं होतं. वाढत्या बुंध्याने ते तडकवलं होतं आणि त्या तड्याच्या काठाला साल दबून काळी पडली होती. मुलांनी कटावणीने आधी जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे उपसले. मग एक मजूरदादा छिन्नी-हातोडा घेऊन बसले. यंत्र लावायचं नाही, कारण अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. दादा बुंध्याकडून बाहेर फोडत गेले, प्रत्येक तुकडा हाताने उचलून बाजूला ठेवत. खालची माती पांढरट, दगडासारखी. ती सळईने अलगद सैल केली, शेणखत मिसळलं, पण ढीग बुंध्याला टेकू दिला नाही. ओल धरली की साल कुजते. पहिली बादली ओतली तर पाणी वरच साचून राहिलं. तिसरी ओतली तेव्हा बुडबुडे यायला लागले.

"प्याला गं बाई," आजी म्हणाल्या.

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. बीडमधल्या प्रत्येक सिमेंट रस्त्याच्या अंदाजपत्रकात हा एक मीटर आधीच वगळलेला असावा, एवढी मागणी घेऊन सर मुलांसह नगर परिषदेत जाणार आहेत. सोबत वही असेल. तिच्यात घेर आणि वयाशेजारी तिसरा रकाना आखला आहे: बुंध्यापासून सिमेंट किती अंतरावर.