मिठाच्या भिंती : सीवा मरूद्यानातील पुनरुज्जीवनाचा प्रयोग

ईजिप्तच्या पश्चिम वाळवंटात, लिबियाच्या सरहद्दीपासून सुमारे ५० किलोमीटरांवर, समुद्रसपाटीहून सुमारे १८ मीटर खोल अशा द्रोणीत सीवा हे मरूद्यान वसले आहे. ॲमन देवतेचा कौल घेण्यासाठी इ. स. पू. ३३१ मध्ये सिकंदर येथे आला होता. त्या एका प्रसंगामुळे सीवाचे नाव इतिहासग्रंथांत टिकले. तेथे राहणाऱ्या समाजाची विचारपूस मात्र त्या ग्रंथांनी क्वचितच केली. हा समाज खजूर व ऑलिव्ह यांवर जगतो आणि आपसांत सीवी बोलतो. बर्बर कुळातील भाषांच्या पट्ट्यात ही सर्वांत पूर्वेकडची भाषा होय.

सीवाची जुनी घरे केर्शेफ नावाच्या द्रव्याची असत. खाऱ्या सरोवरांच्या काठी मीठ व चिकणमाती मिळून घट्ट ढेपा तयार होतात. त्या काढून, तशाच खारट मातीच्या गाऱ्यात बसवून भिंत रचावयाची. गारा वाळू लागला की त्यातील मिठाचे पुन्हा स्फटिक होतात आणि ढेपा व गारा एकजीव होतात. अशी भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते. पाऊस हा तिचा एकमेव शत्रू, आणि तो येथे नाममात्र पडतो. स्थानिक परंपरेनुसार १२०३ च्या सुमारास वसविलेला शाली हा कोटवजा गाव याच द्रव्याचा होता. १९२६ मध्ये सलग तीन दिवस पाऊस झाला आणि शाली राहण्याजोगा उरला नाही. लोक पायथ्याशी उतरले. १९८० च्या दशकात भूमध्य समुद्राच्या काठावरील मर्सा मत्रूहपासून सुमारे ३०० किलोमीटरांचा डांबरी रस्ता झाला. त्यावरून सिमेंट आले, आणि केर्शेफची घरे गरिबीची खूण ठरू लागली. जाणते गवंडी म्हातारे होत चालले.

या टप्प्यावर, १९९० च्या दशकात, कैरो येथील पर्यावरणविषयक सल्लागार मुनीर नेमतल्ला यांनी सरोवरकाठच्या पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी अद्रेर अमेलाल हे अतिथिगृह बांधविले. ते केर्शेफचे असून तेथे विजेचे दिवे नाहीत. मेणबत्त्या व कंदील जळतात. नावाचा अर्थही ‘पांढरा डोंगर’ एवढाच. प्रयोगाचे खरे महत्त्व मात्र या कंदिलांत नाही. कंदील ही श्रीमंत पाहुण्यांची हौस झाली. गवंड्याच्या हातातील ज्या कौशल्याला गावात गिऱ्हाईक उरले नव्हते, त्याला पुन्हा मजुरी मिळाली, हे महत्त्वाचे. पुढे शालीच्या पायथ्याशीही लहान अतिथिगृहे याच पद्धतीने उभी राहिली. खजुराच्या पिकत्या फळाचे हिरवे, पिवळे, नारिंगी, तांबडे व काळे रंग ज्यात येतात ते सीवी भरतकाम परदेशी पेठेत गेले. विवाहित स्त्रियांचा सार्वजनिक वावर मर्यादित असलेल्या या समाजात, घरी बसून करता येणाऱ्या या कामाचे मोल मिळकतीपेक्षा अधिक मानावे लागते.

तथापि येथील हिशेब अखेर पाण्यापाशी येतो. सीवाला पाण्याचा तुटवडा नाही. उलट सुकाळच घातक ठरला आहे. भूगर्भातील वालुकाश्मांत साठलेले पाणी झऱ्यांवाटे व विहिरींवाटे वर येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरी बेसुमार खोदल्या गेल्या. द्रोणी बंदिस्त असल्यामुळे शेतातील निचऱ्याचे पाणी बाहेर जात नाही. ते सरोवरांत साठते, सरोवरे पसरतात, आणि खारट झालेल्या जमिनीत खजुराची व ऑलिव्हची झाडे मरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१६ मध्ये सीवाच्या खजूरशेतीला जागतिक कृषिवारशाचे स्थान दिले, ती शेती नेमकी अशी धोक्यात आहे. मीठ खोदल्याने झालेल्या निळ्या कुंडांत तरंगण्यासाठी प्रवासी लोटतात. ज्या मिठाने बागा बुडतात त्याचेच हे प्रेक्षणीय रूप होय. अतिथिगृहे कितीही काटकसरीने चालली, तरी विहिरींवर नियंत्रण आणणे त्यांच्या हाती नाही. पर्यटनाला ‘शाश्वत’ हे विशेषण लावणाऱ्यांनी ही मर्यादा स्पष्ट सांगावयास हवी.

दुसरा प्रश्न भाषेचा. मराठीत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ ही दर्शके ज्या वस्तूविषयी बोलावयाचे तिचे लिंग पाहतात. सीवीत एका प्रकारच्या दर्शकांचे रूप ऐकणाऱ्यावरही ठरते : समोर पुरुष आहे, स्त्री आहे की अनेक जण आहेत, यानुसार वस्तू तीच असूनही शब्द बदलतो. लामीन सूआग यांनी या रचनेचे सविस्तर विवेचन केले आहे. अशी रचना सीवी ऐकणाऱ्याशी बोलतानाच जिवंत राहते. कैरोच्या पाहुण्याशी अरबीत आणि परदेशीयाशी इंग्रजीत बोलताना तिचे कारणच पडत नाही. शाळेतही शिक्षण अरबीतून होते, आणि युनेस्कोने सीवीची गणना संकटग्रस्त भाषांत केली आहे. पर्यटनानेच ही भाषा मागे पडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अरबीचा प्रभाव तिच्यावर मध्ययुगापासून आहे. परंतु भिंत बांधणाऱ्या हाताला प्रतिष्ठा मिळाली, तशी त्या हाताच्या बोलीला मिळालेली नाही. युरोपीय संघाच्या साहाय्याने डागडुजी होऊन शाली नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा खुला झाला. त्याच्या भिंती आता उभ्या आहेत. त्या रचण्याच्या कामातील शब्द, ढेपांच्या प्रतीची, गाऱ्याच्या ओलीची, खजुराच्या खोडाच्या तुळयांची नावे, नव्या गवंड्यांच्या तोंडी सीवीत उरतात की अरबीत, हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम आहे. आणि त्यासाठी जुने गवंडी हयात आहेत तेवढाच अवकाश आहे.