कुंडीला मृगाची घाई नसते

पहिल्या सरी पडल्या की मुंबई-पुण्याच्या नर्सऱ्यांत गर्दी उसळते. टोमॅटोची रोपं, मिरचीची रोपं, शेणखताची पिशवी, वर हौसेनं घेतलेलं भोपळ्याचं बी. गाव सुटून तीन पिढ्या झाल्या तरी मृग लागला की पेरायचं, हे डोक्यातून गेलेलं नसतं. ऑगस्टअखेर त्याच बाल्कन्यांत पिवळी पडलेली झाडं दिसतात आणि घराघरांत एकच निकाल लागतो: आपल्या हाताला गुण नाही.

हाताचा दोष क्वचितच असतो. ७-८ जूनला लागणारं मृग नक्षत्र हा कोरडवाहू शेताचा मुहूर्त आहे, कारण तिथं पाणी आभाळातूनच येतं. कुंडीला नळ असतो. तिला वाण असते ती उन्हाची. फळभाज्यांना रोज सहा तास तरी ऊन लागतं आणि जून ते सप्टेंबरात मुंबईवर २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. ढगाळ हवेत कोवळी रोपं मर रोगानं बुडाशी कुजून आडवी होतात, मातीतला नत्र पाण्याबरोबर वाहून जातो. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, कोबी यांना शहरात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मानवतो. नवख्यानं दसऱ्यानंतर सुरुवात केली तर निम्मी दुखणी टळतात. दम धरवतच नसेल तर पावसात भेंडी, चवळी, अळू लावावं.

मातीबद्दलचा गैरसमजही शेतातूनच आलेला. कापसाची काळी माती कसदार, म्हणून कोणी गावाहून तिचं पोतं आणतं. ही चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात ते चालतं, पण कुंडीत तिची ढेप होते आणि पाणी कडेच्या फटीतून थेट खाली निघून जातं. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट यांचं भुसभुशीत मिश्रण बरं. तळाशी विटांचे तुकडे भरले की निचरा सुधारतो, हेही खरं नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. ते खड्यांच्या वरच्या थरातच अडून राहतं, म्हणजे दलदल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवली की काम झालं.

गच्चीवर थेट वाफा करणाऱ्यांनी आधी गणित मांडावं. एक चौरस मीटर जागेत फूटभर ओली माती म्हणजे जवळपास ५०० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला साधारण १५० किलो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग फुलवली, ती पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून. असं खतमाध्यम मातीपेक्षा पुष्कळ हलकं असतं. यात ‘कुजवून’ हा शब्द महत्त्वाचा. कच्ची सालं आणि साखरेचा चहाचा चोथा कुंडीत टाकला तर आधी मुंग्या आणि चिलटंच येतात.

पाणी रोज घालायचं, हाही असाच एक नेम. मुळांना हवाही लागते. बोट दोन पेरं मातीत खुपसावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की अंड्याची टरफलं घालायचा सल्ला हमखास मिळतो. डागामागे कॅल्शियमची उणीव असते, पण बहुतेकदा ते मातीत कमी नसतं. कधी कोरड, कधी पूर, अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. टरफलं विरघळायला तर महिनोन्‌महिने जातात.

सगळ्यात जास्त हळहळ होते ती भोपळ्याच्या फुलांची. पंधरा फुलं आली, पंधराही गळली, मग खताचा मारा सुरू. खरं तर वेलावर आधी नरफुलं येतात आणि ती गळायचीच असतात. मादीफुलामागे इवलासा भोपळा दिसतो. तेही पिवळं पडून गळू लागलं, तर पराग पोचलेला नाही असा बहुधा अर्थ. दहाव्या मजल्यावर मधमाश्या कमीच फिरकतात. अशा वेळी नरफूल खुडावं, पाकळ्या सोलाव्यात आणि परागाचा दांडा मादीफुलात हलकेच फिरवावा. वेळ मात्र चुकवू नये. भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन चढेपर्यंत मिटतो. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. दुधीसाठी सकाळी ब्रश घेऊन उभं राहणारे बिचारे पुष्कळ!

घरगुती फवारा म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र धोक्याची. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन कातडीतूनही शरीरात भिनतं. निंबोळी अर्क त्यापेक्षा बरा, पण उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो, म्हणून तो संध्याकाळी मारावा. त्याआधी पानं उलटून पाहावीत: मावा फस्त करणाऱ्या ढालकिड्याची काळसर, काटेरी अळी अनेकदा कीड समजूनच चिरडली जाते.

राहिला भाजीच्या पैशांचा प्रश्न. चौघांच्या भाजीला पाव किलो, म्हणजे वीसेक भेंड्या लागतात. एक झाड दोन दिवसांत जेमतेम एक भेंडी देतं. दहा झाडं असली, तर चार दिवसांनी एकदा भाजी होते.