पोहायला जाताना टॉवेल कोणता घ्यावा?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वारजे परिसरातील मुलांचे पोहण्याचे क्लास सुरू होतात. पोशाख, चष्मा, टोपी यांची खरेदी विचारपूर्वक होते. टॉवेल मात्र घरातला हाती येईल तो पिशवीत जातो. क्लास पावसाळ्यातही चालू राहिला, तर हाच जाड टॉवेल फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. असा दमट टॉवेल भावंडांनी मिळून वापरला, तर गजकर्णासारखा त्वचारोग एकाकडून दुसऱ्याला होतो. म्हणून पहिला नियम असा : प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळा, आणि तो लवकर सुकणारा.

टॉवेलला दोन कामे असतात. अंग पुसणे आणि कपडे बदलताना अंग झाकणे. खरेदी करताना आपण पहिलेच काम लक्षात घेतो.

सोलापूरचा टेरी टॉवेल नावाजलेला आहे. त्याच्यावरचे सुती फासे भरपूर पाणी शोषतात. पण शोषलेले पाणी धरूनही ठेवतात. टॉवेलचा जाडपणा जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधील वजनात मोजतात. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा, ४५० जीएसएमचा टॉवेल कोरडाच सुमारे अर्धा किलो भरतो. त्याच मापाचा २०० जीएसएमचा मायक्रोफायबर टॉवेल सव्वादोनशे ग्रॅमचा असतो आणि घडी केल्यावर थोडक्या जागेत मावतो.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉनचा अतिशय बारीक धागा. असा ९,००० मीटर धागा एक ग्रॅमही भरत नाही. पाणी धाग्यांच्या फटींत राहते, म्हणून पिळले की बरेचसे निघून जाते. मात्र तो अंगावर घासू नये, दाबून टिपावा. तलावावरून आल्यावर साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. फॅब्रिक कंडिशनर वापरू नये, त्याने शोषण कमी होते. कडक इस्त्रीही नको.

मायक्रोफायबर परवडत नसेल, तर सुती पंचा उत्तम. त्याला फासे नसल्याने तो पटकन वाळतो. एकदा पुसावे, पिळावे, पुन्हा पुसावे.

आता दुसरे काम. लहान टॉवेल सुकतो छान, पण झाकत नाही. पांढरा पातळ पंचा भिजला की अंगाला चिकटतो आणि आरपार दिसतो. सतर राखायचे, तर मुलाच्या बेंबीपासून गुडघ्याखालपर्यंत कापड पोहोचले पाहिजे आणि ते सुटता कामा नये. यासाठी अब्बांची जुनी, गडद चौकड्यांची सुती लुंगी घ्यावी. मुलाच्या उंचीप्रमाणे कापून दोन्ही कडा शिवाव्यात आणि कमरेला इलॅस्टिक घालावे. गर्दीतही मूल न संकोचता आत कपडे बदलते. मुलींसाठी हाच घोळ खांद्यापासून पायापर्यंत लांब शिवावा, वर गळ्याला इलॅस्टिक घालावे. तरीही दार बंद होणारी खोली आहे का, हे आईने प्रवेश घेण्यापूर्वीच पाहून यावे.

नवा टॉवेल आणल्यावर घरी एक चाचणी करावी. रात्री भिजवून, पिळून बाल्कनीत टाकावा. सकाळी क्लासच्या वेळेपर्यंत सुकला, तर तो रोजच्या कामाचा. नाही सुकला, तर तो घरच्या न्हाणीसाठी ठेवावा आणि पिशवीत पंचा अन् शिवलेली लुंगी द्यावी. दोन्ही मिळूनही मुलाच्या खांद्याला ओझे होत नाही.