गुरांच्या वंशातील रोगप्रतिकार

इ. स. २०२२ मध्ये बेळगाव-निपाणी भागात लंपी रोगाची साथ पसरली, तेव्हा गाईबैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, जनावरे तापाने बसून गेली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंस गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. सरकी-पेंड विकणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंच्या दुकानांतून त्या दिवसांत एकच प्रश्न वारंवार ऐकू येई. एकाच दावणीला बांधलेल्या दोन जनावरांपैकी एक दगावते आणि दुसरे काही दिवसांत उठून वैरण खाऊ लागते, हे कसे?

वय, चारा, शुश्रूषा, वेळेवर टोचलेली लस यांचा वाटा त्यात असतोच. तथापि उत्तराचा काही भाग जनावराच्या वंशात असतो, आणि त्याचा पुरावा आपल्या देशात फार पूर्वी मिळालेला आहे.

तो पुरावा बुळकांडीने दिला. या रोगात जनावराच्या तोंडात व्रण पडत, दुर्गंधीयुक्त हगवण लागे व थोड्याच दिवसांत ते मरे. गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. गुरांच्या अशा रोगांच्या संशोधनासाठी सरकारने १८८९ मध्ये पुण्यास प्रयोगशाळा स्थापन केली व १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविली. तेथे १९२० नंतरच्या दशकात डॉ. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका बोकडातून दुसऱ्यात असा पुनःपुन्हा टोचून सौम्य केला. त्यापासून केलेली लस आपल्या वशिंडाच्या गुरांना बहुधा थोडा ताप आणून कायमचे संरक्षण देई. परंतु तीच लस विलायती वा संकरित गाईस दिली असता ती गंभीर आजारी पडण्याचा धोका असे. विषाणू तोच, मात्रा तीच. फरक होता तो घेणाऱ्याच्या शरीरात. शतकानुशतके प्रत्येक साथीत दुबळी जनावरे गळत गेली, जी तगली त्यांचीच संतती पुढे चालली, आणि अशा रीतीने तो प्रतिकार वंशात मुरला. संकरित गुरांसाठी पुढे डॉ. प्लाउराइट यांनी केनियात पेशींवर वाढवून तयार केलेली निराळी लस उपयोगी पडली. भारतात बुळकांडीचा अखेरचा उद्रेक १९९५ मध्ये झाला व २०११ मध्ये सारे जग त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांपासून लपविणे योग्य नव्हे. मुक्तेश्वरची ती लस बोकडांच्या प्लीहेपासून करीत. आपल्या पांजरपोळांतील गुरेही अशाच लशीच्या आश्रयाने वाचली असणार. या हिशेबाची बाकी कोणत्या बाजूस काढावी, हे प्रस्तुत लेखकास आजवर उमगलेले नाही. आजच्या अनेक लशी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर तयार होतात, एवढे समाधान.

आता प्रतिकार म्हणजे नेमके काय, ते पाहू. विषाणू स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. त्यास जनावराच्या पेशीत शिरावेच लागते. पेशीच्या आवरणावर जी प्रथिने असतात, त्यांपैकी एखाद्यास चिकटून तो आत येतो. जणू कुलपास किल्ली लागावी. हे कुलूप कसे घडावे, हे जनुक ठरविते. कुलपाची घडण थोडी निराळी असली की किल्ली फिरत नाही. याखेरीज आत शिरलेल्या विषाणूस ओळखून त्याचा नाश करणारी जनुकेही असतात व तीही जनावरागणिक भिन्न असतात.

अमेरिकेत शास्त्रज्ञांनी हे कुलूप हेतुपुरस्सर बदलून पाहिले. गुरांत हगवण व गर्भपात घडविणारा एक विषाणू ज्या प्रथिनास चिकटतो, त्याचे केवळ सहा घटक त्यांनी बदलले. अशा पेशीपासून जुलै २०२१ मध्ये जन्मलेल्या कालवडीचे नाव जिंजर. तिला आठवडाभर रोगी वासराच्या सहवासात ठेवले, तरी तिला म्हणण्यासारखा आजार झाला नाही. विशेष हे की, ती आपल्या सौराष्ट्रातील गीर जातीची होती! मात्र हा एकाच वासरावरील प्रयोग होय, आणि तो एकाच विषाणूपुरता आहे. शिवाय या पद्धतीत पुष्कळ गर्भ वाया जातात. अहिंसा मानणाऱ्यांनी त्याची वाहवा करण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला वाटते.

‘देशी जनावरास काही होत नाही’ हा समजही तितकाच खोटा. लंपीत संकरित गाई व लहान वासरे यांना विशेष त्रास झाला, परंतु देशी गुरेही दगावली. तो विषाणू भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. त्याच्याशी झगडून निवड होण्यास आपल्या गुरांना अवधीच मिळालेला नव्हता.

निसर्गाने जी विविधता आधीच घडविली आहे, ती आपल्या दारी आहे. खिल्लार तर आहेच. एकोणिसाव्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी काळ्या रानातील जड नांगरटीसाठी कृष्णाकाठची जात सिद्ध केली; तिच्यात गीर, ओंगोल, कांकरेज व स्थानिक रक्त मिसळले आहे. अमेरिकेतील ब्राह्मण गुरांच्या घडणीतही ती गेली. आज ट्रॅक्टरच्या काळात तिची शुद्ध जनावरे फार थोडी उरली आहेत. कोणत्या भावी रोगाचे कुलूप तिच्यात आहे, हे कोणी तपासलेले नाही, आणि जात नष्ट झाल्यावर तपासताही येणार नाही.

आपण वैरणीचा हिशेब पैपर्यंत ठेवतो, पण जनावरांच्या नोंदीत पुष्कळदा केवळ संख्या असते. पांजरपोळाच्या वहीत प्रत्येक गुराची जात, आई माहीत असल्यास तिचा क्रमांक, लशीची तारीख आणि साथीत ते आजारी पडले की तगले, एवढे रकाने वाढविल्यास पशुवैद्यांना त्याचा उपयोग होईल. शेपटीच्या केसांच्या मुळांवरूनही आता वंश तपासता येतो; मुळासकट उपटलेले थोडे केस कागदी पाकिटात, कोरड्या जागी, वहीतील क्रमांक घालून ठेवले म्हणजे पुरते.