1600 मीटरवाला 21 किलोमीटरला निघतो तेव्हा...

रविवारी सकाळी सहाला तुम्ही काय करत असता? मस्त झोपलेले असता, बरोबर? आमचा पुण्यातला रनिंग ग्रुप मात्र त्या रविवारी साताऱ्यात, पावसाच्या भुरभुरीत स्टार्ट लाइनवर उभा होता.

2012 पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे पुण्या-मुंबईच्या अनेक रनर्ससाठी सीझनची पहिली मोठी परीक्षा. खरं टार्गेट असतं जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. पण पावसाळाभर आपण खरंच पळालो की नुसते फोटो टाकले, ते साताऱ्यात कळतं! आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, मग तोच उतरायचा. एकूण 21.1 किलोमीटर.

आमचा हुकमी एक्का होता डोंगरकड्याचा एक मित्र. हिंगोली जिल्ह्यातल्या या गावात पहाटे डांबरी रस्त्यावर तो पळायचा तो वजन कमी करायला नव्हे, पोलीस भरतीसाठी. मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं, की 20 पैकी 20 मार्क. पठ्ठ्यानं तेही जमवलं होतं. पण मेरिट लिस्ट दोनदा थोडक्यात हुकली. मग हिंजवडीत नोकरी आणि बूट माळ्यावर. पुढची पाच वर्षं तो बस पकडायलासुद्धा पळाला नाही.

साताऱ्यात गडी सुटला तो थेट भरतीच्या स्पीडने. दोन किलोमीटरमध्ये दिसेनासा झाला. सातव्या किलोमीटरला सापडला, रस्त्याच्या कडेला, कमरेवर हात ठेवून. उरलेला घाट त्याने चालत काढला. परतीच्या गाडीत कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरत होता, पण हा गप्प. शेवटी एवढंच म्हणाला, "पुन्हा नापास झालो रे."

फंडा सिंपल आहे

पाच मिनिटांचा जोर आणि दोन-अडीच तासांचा दम या दोन वेगळ्या गोष्टी. दम येतो हळू पळून. इतकं हळू, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. अशा पळण्याने स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबीचं इंधन जास्त चांगलं वापरायला शिकतं. पण त्याला आठवडे लागतात. इथे शॉर्टकट नाही, बॉस!

हळू पळून स्पीड जातो, असं वाटतंय? मग बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्ली हाफ मॅरेथॉन त्याने 1 तास 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. हिशेब मांडा: 1600 मीटर सुमारे 4 मिनिटं 35 सेकंदांत, तेही सलग तेरा वेळा! आणि हा त्याचा मुख्य इव्हेंटही नव्हे. तो 3000 मीटर स्टीपलचेसवाला. त्यात 2022 च्या कॉमनवेल्थमध्ये रौप्य आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण. दम आणि स्पीड एकमेकांचे वैरी नाहीत.

आमच्या मित्राने साताऱ्यानंतर घड्याळ बॅगेत टाकलं. आठवड्यात तीन दिवस गप्पा मारत पळणं, एक दिवस वेगात. रविवारी लांबचा पल्ला, तोही रमतगमत. सुरुवातीला आमच्यातल्या सगळ्यात हळू मुलीच्या मागे राहताना त्याचा जीव खालीवर व्हायचा. दोन महिन्यांनी पाषाणच्या रस्त्यावर तो 16 किलोमीटर न थांबता पळाला. वर शेवटपर्यंत बडबडत होता!

"टायमिंग किती?" आम्ही विचारलं.

"बघितलंच नाही. इथे कुठं मेरिट लिस्ट लागणारेय?"

पहिल्या रेसला जाताय?

• पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू. लोक पुढे जातील, जाऊ द्या.
• नवे बूट रेसच्या दिवशी काढू नका.
• घाटात चालायची लाज नको. दमछाक झाल्यावर चालण्यापेक्षा आधीच चाललेलं बरं.
• निकाल मार्कशीट म्हणून नाही, पुढच्या चार महिन्यांचा नकाशा म्हणून वाचा.