'आरफॅक्टर'मध्ये मॉड टाकताना

इमेज स्पेस इनकॉर्पोरेटेडचा 'आरफॅक्टर' हा कार रेसिंगचा गेम 2005 सालचा. साध्या कॉम्प्युटरवरही तो चालू शकतो, आणि मॉड्समुळे, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जादा गाड्या-ट्रॅकमुळे, आजही ताजा वाटतो.

मूळ गेमची कॉपी आधी बाजूला ठेवावीच. मग मॉडची झिप उघडून गाड्या 'गेमडेटा'तल्या 'व्हेइकल्स'मध्ये, ट्रॅक 'लोकेशन्स'मध्ये आणि आरएफएम फाइल 'आरएफएम' फोल्डरमध्ये टाकावी.

खरी गोम ट्रॅकची. समजा, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट टाकलं, 5.125 किलोमीटरचं, 2011 ते 2013 भारताची फॉर्म्युला वन शर्यत झाली ते. पण यादीत ते दिसतच नाही! अशा वेळी ट्रॅकची जीडीबी फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'फिल्टर प्रॉपर्टीज'ची ओळ बघावी. मॉडच्या आरएफएम फाइलमधल्या 'ट्रॅक फिल्टर'शी ती जुळली, की ट्रॅक यादीत हजर.