थिबा राजवाडा : विटांतला बंदिवास

रत्नागिरी म्हणजे जांभा. इथं घर, गडगा, विहीर सगळं त्याच दगडाचं. त्यामुळे भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाड्याचा लालभडक विटांचा दर्शनी भाग लगेच वेगळा उठून दिसतो.

इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा मात्र 1910 मध्ये तयार झाला. म्हणजे हयातीतली चोवीस वर्षं बंगल्यांत काढल्यावर! आराखड्यात राजानं स्वतः लक्ष घातलं होतं, असं सांगतात. बांधकाम तीन मजली, छपरं उतरती. कोकणातल्या पावसापुढे राजाचंही काही चालत नाही. पाहायच्या असतील तर अर्धवर्तुळाकार खिडक्या पाहा : नक्षीदार लाकूड आणि त्यात रंगीत काचा. लाकूड सागवानी, थिबाच्याच मुलखातलं.

डिसेंबर 1916 मध्ये थिबा इथंच वारला. राणी सुपायालत 1919 मध्ये मायदेशी परतली. राजाची समाधी रत्नागिरीतच आहे; 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते. वाड्यात आता संग्रहालय आहे.